स्थान क्रमांक

मी गणिताचा मास्तर. स्कोअर लिहायला बसवलं
ते अक्षर बरं म्हणून.
नऊ जागांना नऊ आकडे: फेकणारा एक,
त्याच्यासमोर उकिडवा बसलेला दोन,
आणि पार उजवीकडे, हॅरिस पुलाकडे पाठ करून
ऊन खात उभा असतो तो नऊ.
सोपं आहे. पट्टीनं रेघा मारल्या की झालं.

आयझॅक साळवे आला तेव्हा सातवीत होता,
दापोडीहून खडकीपर्यंत चालत,
सरावानंतरच्या उकडलेल्या अंड्यासाठी.
हे तो स्वतःच सांगायचा.
पोरं अकरा, ग्लोव्ह सात.
आठवा कॅचरचा, फाटका; तो त्याच्या वडिलांनी
एसटी वर्कशॉपात सीट शिवायच्या दोऱ्यानं शिवला.
म्हणून आयझॅक दोन झाला.

आठवीत शॉर्टस्टॉपला कावीळ झाली: सहा.
नववीत पिचरच्या घरच्यांनी त्याला क्लास लावला: एक.
मग पाच, मग आठ, आणि एकदा एकाच सामन्यात
चार, सात, परत चार.
मी खोडत गेलो, रबरानं कागद फाटला,
त्याच्या नावापुढची चौकट कायम मळकी.
"जिथं कमी तिथं साळवे," पोरं म्हणायची.
हेडमास्तर म्हणायचे, "एक ना धड, भाराभर चिंध्या."
मला दोन्ही पटायचं,
कोण जिंकतंय त्यावर.

एक गोष्ट मात्र वहीत कधीच आली नाही.
फेक पहिल्या बेसकडे निघाली
की हा पोरगा, असेल तिथून,
तिच्या मागे धावायचा,
चुकलीच तर, म्हणून.
बहुतेक वेळा चुकायची नाही.
मग पँट झटकत, काही न झाल्यासारखा परत.
याला रकाना नाही. मी नियमपुस्तक चाळून पाहिलं.

निवड चाचणीच्या अर्जावर एकच शब्द: स्थान.
बाकीच्यांनी झटकन भरला.
यानं पेन चावलं आणि लिहिलं, "तुम्ही सांगा."
परत पाठवला.
पुढच्या वर्षी "सगळीकडे". तरीही परत.
मधल्या दिवसांत खडकी बाजारात, मामाच्या चपलांच्या दुकानात,
माळ्यावरून नऊ नंबरचे बूट खाली टाकायचा,
गिऱ्हाइकाच्या बरोबर ओंजळीत.
तिसऱ्या वर्षी जागा रिकामीच ठेवली.
त्या दिवशी दुसऱ्या डावात कॅचरचा अंगठा निखळला,
पाचव्यात थर्ड बेसवाला चक्कर येऊन बसला,
आणि शेवटी फेकायला कोणी उरलं नाही.
माझ्या वहीत दोन, पाच, एक.
निवडकर्त्यांनी वही मागून घेतली.
रबरानं पडलेली भोकं पाहून म्हणाले, "हे काय?"
मी म्हटलं, "हाच तो."

पुढचं पुढं. राज्य, देश, एक मोडलेलं बोट,
आणि जपानमधल्या एका छोट्या लीगचं पत्र.
पगार फिटरपेक्षा जरा बरा.
पाळकसाहेबांनी उपासनेनंतर त्याला पुढं बोलावून प्रार्थना केली,
आईनं जवसाची चटणी बांधून दिली,
आणि मी, निवृत्त माणूस,
त्याच्या पहिल्या सामन्याला दुपारी अडीच वाजता
झोप सोडून मोबाइलसमोर बसलो.
पुण्यात याला त्याग म्हणतात.

सात डाव तो बाकावर.
चहा झाला, दूधवाला येऊन गेला.
आठव्यात त्याचं नाव पुकारलं. कुठं,
तर नऊ. उजवा कोपरा.
इतक्या वर्षांत एवढीच जागा आम्ही त्याला दिली नव्हती.

एकही चेंडू तिकडे गेला नाही.
एकदा मात्र शॉर्टस्टॉपची फेक पहिल्या बेसकडे निघाली,
कॅमेरा फेकीबरोबर वळला,
आणि चित्राच्या अगदी कडेला
एक टोपी धावताना दिसली.

फेक चुकली नाही.
मी वहीत त्याच्या नावापुढं नऊ लिहिला,
आणि रेघेबाहेर, समासात,
पेन्सिलीनं एक बारीक बाण.